दत्तकपत्रावरची आईची सही

दत्तक दिलेल्या मुलावर जन्मदात्या आई-बापाचा कायद्यानं काय हक्क उरतो? काहीही नाही. बेळगावच्या कोर्टासमोरचा कुठलाही वकील तोंडातलं पान न काढता हे उत्तर देईल, आणि ते बरोबरच असेल. तरी हा प्रश्न काही थांबत नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्या घरातून एखादं मूल चुलत्याकडं, आत्याकडं, मावशीकडं दत्तक गेलंय, त्या घरात तो कधी ना कधी निघतोच. मुलगा मोठा होतो, कमवायला लागतो, त्याच्या नावावर जमीन चढते, किंवा दोन्ही घरांत बांधावरून वाजतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "पोरगं आम्ही दिलं खरं, पण रक्त आमचंच की."

मला वाटतं, हक्क मागायला ही वेळच चुकीची आहे. दत्तक झाल्यावर जन्मदात्यांना मुलावर हक्क नाहीत, हे योग्यच आहे आणि तसंच राहावं. पण मूल देण्याआधी जन्म देणाऱ्या आईला जो हक्क असायला हवा, तो आमच्याकडच्या बहुतेक दत्तकांत तिला मिळतच नाही. नातं तोडण्याचं काम कायदा चोख करतो. तोडण्यापूर्वीची विचारपूस मात्र तो घरातल्या वडीलधाऱ्यांवर सोपवून मोकळा होतो. भांडायचं असेल तर या मुद्द्यावर भांडावं.

आधी कायदा काय तोडतो ते बघू. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम २१ डिसेंबर १९५६ चा. आमच्या भागात १९५६ म्हटलं की लोकांना १ नोव्हेंबर आठवतो, कारण त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडलं. त्यानंतर पन्नास दिवसांत घराघरातला दत्तकाचा जुना व्यवहारही बदलला, याची आठवण कुणी काढत नाही. या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणं दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक आई-वडिलांचं होतं आणि जन्मघराशी असलेले त्याचे सगळे बंध तुटतात. तीन गोष्टी तेवढ्या शिल्लक ठेवल्यात. जन्मघरात ज्या नात्यात लग्न झालं नसतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही होत नाही. दत्तकापूर्वी मुलाच्या मालकीची झालेली मालमत्ता त्याचीच राहते. आणि दत्तक घरात जी मालमत्ता आधीच कुणाची झाली आहे, ती नव्या मुलामुळं त्याच्याकडून निघत नाही. तिन्हींत जन्मदात्यांसाठी एक ओळही नाही. रक्ताचं नातं कायद्याला फक्त सोयरीक जुळवताना आठवतं. १५ वं कलम त्यावर कडी करतं: रीतसर झालेलं दत्तक ना दत्तक आई-बापाला रद्द करता येतं, ना इतर कुणाला. मुलालाही ते झुगारून जन्मघरी परतता येत नाही.

याचा अर्थ बेळगावात समजावून सांगायला लांबचं उदाहरण लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, आणि आसपासच्या खेड्यांत फौजेत कुणीच गेलं नाही अशी भावकी शोधावी लागेल. समजा, धाकट्या भावाचा मुलगा थोरल्याला दत्तक गेला, भरती झाला, आणि लग्नाआधीच त्याचं काही बरंवाईट झालं. त्याच्या मागं आई म्हणून उभी राहणार ती थोरली जाऊ. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं, ती कायद्याच्या लेखी त्या मुलाची काकू.

उलट बाजूनंही तेच. जन्मदाता बाप मृत्युपत्र न करता गेला, तर दत्तक दिलेल्या मुलाचं नाव त्याच्या वारसांत येत नाही. बापाला वाटलंच तर स्वकष्टाची जमीन तो मृत्युपत्रानं त्याला देऊ शकतो, पण तशी तो शेजाऱ्यालाही देऊ शकतो. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा मुलाबरोबर जातो की मागं राहतो, यावर उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. ज्या घरांना इकडं कर्नाटकातली पहाणी (जमिनीचा उतारा) आणि तिकडं महाराष्ट्रातल्या चंदगडात सातबारा आहे, त्यांच्या वकिलांची दोन पिढ्यांची सोय त्यात झाली आहे.

इथं एक गैरसमज मोडायला हवा. नुसतं वाढवलं म्हणजे दत्तक घेतलं असं होत नाही. रेशन कार्डावर नाव चढवलं, शाळेत काकाचं नाव लावलं, मुंज किंवा लग्न काकानं लावून दिलं, तरी देणं-घेणं झालेलं नसेल तर जन्मदात्यांचे हक्क जिथल्या तिथं. उलट कागद असलाच पाहिजे असंही नाही. देण्याच्या आणि घेण्याच्या हेतूनं मूल प्रत्यक्ष हाती सोपवलं हे कोर्टात सिद्ध झालं की पुरतं, होमहवनही सक्तीचं नाही. मात्र नोंदणी झालेल्या दत्तकपत्रावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असेल, तर १६ व्या कलमाप्रमाणं कोर्ट ते दत्तक कायद्याला धरून झालं असंच गृहीत धरतं. ते खोटं पाडायचं ओझं मग दुसऱ्यावर. म्हणजे एक सही काय करू शकते बघा. तिच्या अलीकडं आई-बापाचे सगळे हक्क, पलीकडं शून्य.

इतकी पक्की तोड हवी कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना जुना दाखलाही देता येतो. पूर्वीच्या हिंदू कायद्यात द्व्यामुष्यायण नावाचा प्रकार होता. देणारा आणि घेणारा आपसांत करार करायचे आणि मुलगा दोन्ही बापांचा राहायचा, दोन्हीकडचा वारस व्हायचा, दोन्ही घरांना पाणी द्यायचा. भावाभावांत मिळून एकच मुलगा असला की हा मार्ग निघे. १९५६ च्या कायद्यात त्याला जागा राहिली नाही. अजूनही एखादे आजोबा सांगतात, "आमच्यात दोन्हीकडचं म्हणूनच ठरलंय." तसं ठरवता येत नाही, आजोबा.

थोरामोठ्यांच्या घरात तर जन्मदात्यांचा पाय दत्तक घरात राहतच असे. निपाणी ओलांडली की कागल. तिथल्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. आई राधाबाई मुधोळच्या, त्या मुलाच्या लहानपणीच वारल्या होत्या. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब मात्र कोल्हापूर संस्थानचे रीजंट होते. म्हणजे मुलगा दिला आणि मुलाच्या राज्याचा कारभारही बापच बघत होता. संस्थानात ते निभावलं. चार एकर ऊस आणि सामाईक विहीर असलेल्या घरात निभावत नाही.

ते का निभावत नाही, हे सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत दिसेल. दत्तक बहुतेक नात्यातलं, त्यामुळं जन्मघर चार दारं सोडून. शाळेची फी भरायची वेळ आली की "आता तुम्ही बघा, आम्ही दिलंय." नोकरी लागली की "आमचा मुलगा." दत्तक आईनं पाठीत एक धपाटा घातला तर जन्माची आजी दारात हजर, "परक्याचं लेकरू म्हणून मारतीस व्हय?" त्या बाईनं पुढं मुलावर हात तर सोडाच, आवाजही चढवायचा नाही. दहा-बारा वर्षांचं पोरगं हे सगळं ऐकतं आणि हळूहळू दोन्ही घरांना खेळवायला शिकतं, किंवा दोन्हीकडं पाहुणं होऊन बसतं. जन्मदात्यांना भेटीचा, ताब्याचा, वारशाचा असा एखादा जरी हक्क कायद्यानं दिला, तर या भांडणांना कोर्टाची पायरी मिळेल एवढंच. मुलाला आई म्हणून एकच बाई असू दे आणि तिला त्याची आई असण्याची कायमची हमी असू दे. म्हणून ही तोड मला मान्य आहे.

फक्त म्हातारपणाची गोष्ट थोडी वेगळी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या निर्वाह कायद्यात आई-वडिलांच्या व्याख्येत जन्मदाते, दत्तक आणि सावत्र असे तिघेही धरलेत. दत्तक कायद्याचं १२ वं कलम आणि ही व्याख्या समोरासमोर आली की वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. दुसरं कुणीच नसलेल्या जन्मदात्रीला मुलानं दोन घास द्यावेत, याला माझी हरकत नाही. पण तेवढ्यावरून मुलावर हक्क सांगू नये.

आता मूळ मुद्दा. इतकं पक्कं तोडायचं, तर जिचं तुटणार आहे तिला आधी नीट विचारलं पाहिजे. ते विचारलं जातं का?

आपल्याकडं दत्तकाचे दोन कायदे शेजारी शेजारी नांदतात, आणि आईला वागवण्याची दोघांची रीत अगदी वेगळी. एक बाई धरा, अविवाहित किंवा नवऱ्यानं टाकलेली. मूल सांभाळणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. ती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं येते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ३५ व्या कलमाप्रमाणं समिती चौकशी करते, तिला समजावते, मूल तुझ्याजवळच राहील अशी काही वाट आहे का ते बघते. मग तिनं समितीसमोर समर्पणपत्र करून द्यायचं. त्यानंतर कायदा दोन महिने थांबतो. तेवढ्यात तिचं मन फिरलं तर मूल तिला परत मिळू शकतं. दोन महिने सरल्याशिवाय ते मूल दत्तकासाठी मोकळं होत नाही. आईला विचार करायला अवधी हवा, तिच्यावर दबाव नको, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकांच्या संदर्भात सांगितलं होतं. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे, त्यामुळं आमच्याकडचे मुसलमान, ख्रिस्ती कुटुंबही याच वाटेनं दत्तक घेऊ शकतात.

दुसरी बाई लग्नाची, घरंदाज, एकत्र कुटुंबातली. थोरल्या जावेला मूल नाही. हिला दोन आहेत आणि तिसरं पोटात. सातव्या महिन्यातच सोप्यात बैठक होते: सासू, थोरले दीर, नवरा, एखादे मामा. मुलगा झाला तर तो वहिनीच्या ओटीत घालायचा. (मुलगी झाली तर पुढं बघू, हे कुणी बोलत नाही, सगळ्यांना कळतं.) चहा द्यायला ती आत-बाहेर करते, त्यामुळं बैठकीला ती हजर होती असंही म्हणता येतं. हे दत्तक हिंदू दत्तक कायद्याखाली होणार, आणि बाल न्याय कायद्याच्या ५६ व्या कलमानं स्पष्टच म्हटलंय की अशा दत्तकाला तो कायदा लागू नाही. म्हणून इथं समिती नाही, चौकशी नाही, दोन महिन्यांचा थांबा नाही. बाळ किती दिवसांचं असावं याचीही अट नाही. बाराव्या दिवशी बारसं आणि दत्तक एकाच मांडवात उरकलं तरी कायद्याची हरकत नाही. परदेशी दत्तकांसाठीच्या १९९३ च्या हेग करारात आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच असली पाहिजे अशी अट आहे, आणि भारतानं तो करार २००३ साली स्वीकारला. परदेशात जाणाऱ्या बाळाच्या आईसाठी जे आपण कबूल केलं, ते शेजारच्या खोलीत जाणाऱ्या बाळाच्या आईसाठी केलेलं नाही.

कागदावर या दुसऱ्या बाईची बाजू बळकट दिसते. २०१० पर्यंत मूल देण्याचा हक्क बापाचा होता आणि आईची फक्त संमती लागायची. २०१० च्या दुरुस्तीनं दोघांनाही सारखा हक्क दिला आणि एकमेकांची संमती आवश्यक केली. दुरुस्ती चांगलीच आहे. पण सबरजिस्ट्रार कचेरीत दत्तकपत्राची नोंद कशी होते ते जवळून बघा. बाँड रायटरनं मजकूर आदल्या दिवशीच तयार केलेला असतो, बहुतेक वेळा कन्नडमध्ये. आपण राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाविना हे मूल देत आहोत, हे वाक्य त्यात ती बाई कचेरीची पायरी चढण्याआधीच लिहून झालेलं असतं. पुरुष माणसं खिडकीशी. ती मागं बाकावर, बाळ मांडीवर. नाव पुकारल्यावर उठते. अंगठा मशीनवर टेकवायला हात मोकळा हवा म्हणून बाळ शेजारच्या जावेकडं देते. कॅमेऱ्याकडं बघा, पदर जरा मागं घ्या. आतून कन्नडमध्ये विचारणा होते, "ओप्पिगे इदेया?" संमती आहे का? तिला ते कळतं किंवा कळत नाही. दीर म्हणतो, "हो म्हण." ती म्हणते, "हूं." पुढचा टोकन. बाळ जावेच्या कडेवर आहे ते आता तिथंच राहणार, कारण देणं-घेणं एवढ्यात उरकलेलंही आहे.

यात कुणी खलनायक आहे असं मी म्हणत नाही. दीर प्रेमळ असेल, जाऊ तर असतेच बहुधा, आणि कित्येक बायका मनापासून मूल देतात, कारण जावेचं दुःख त्यांनी एकाच चुलीपुढं बसून बघितलेलं असतं. पण मनापासून दिलेलं मूल आणि देणं भाग पडलेलं मूल यांत फरक करायला आपल्याजवळ काहीच साधन नाही. कागदावर दोन्ही "हूं" सारखेच उमटतात.

सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न एका बाजूनं सोडवलाय. घीसालाल विरुद्ध धापूबाई या २०११ च्या निकालात घेणाऱ्या नवऱ्याच्या बायकोच्या संमतीचा वाद होता. बायको दत्तकविधीला हजर होती, गप्प होती, तिनं विरोध केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. घेणाऱ्या घरातल्या बाईच्या गप्प बसण्याला जर हा न्याय, तर देणाऱ्या घरातल्या बाईला का नाही? घेणारीला मूल मिळणार आहे, देणारीचं जाणार आहे. कसोटी कडक हवी असेल तर ती दुसरीच्या बाबतीत. पण असा वाद कोर्टात न्यायचा कुणी? तिनं? त्याच घरात राहून, त्याच सासूच्या हाताखाली, दिरावर दावा लावून?

म्हणून उपाय आधीचा हवा. तो अवघडही नाही. हिंदू दत्तक कायद्याखालचं प्रत्येक दत्तक नोंदणीनंच पक्कं व्हावं, आणि नोंदणीपूर्वी मूल देणाऱ्या आईला घरच्यांपासून वेगळं, तिच्या भाषेत, एखाद्या बाईनंच भेटावं. यासाठी नवी कचेरी नको. तालुका विधी सेवा समित्या आहेत, त्यांच्या यादीवर महिला वकील आहेत. त्या वकील बाईनं साध्या शब्दांत सांगावं की यानंतर हा मुलगा कायद्यानं तुझा राहणार नाही, तो तुझा वारस नाही, तू त्याची वारस नाहीस, घरात उद्या भांडण झालं तरी तो परत येणार नाही. हे ऐकून ती देते म्हणाली तर दोन महिने थांबावं आणि पुन्हा एकदा विचारावं. तेवढे दिवस बाळ दत्तक घेणाऱ्यांकडं राहायला काय हरकत आहे? शाई तेवढी थांबेल. आणि मूल जाणतं असेल तर त्यालाही विचारावं. बाल न्याय कायद्याखाली नात्यातलं दत्तक होताना पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. हिंदू दत्तक कायद्यात चौदा वर्षांच्या मुलाला आई-बाप न विचारता देऊ शकतात.

तिच्या भाषेत, हे मी मुद्दाम म्हटलं. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की लगेच झेंडे बाहेर येतात, तेव्हा इथं तो बाजूला ठेवून कायदाच बघू. नोंदणी अधिनियम १९०८ च्या १९ व्या कलमाप्रमाणं अधिकाऱ्याला कळत नसलेल्या आणि जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेल्या भाषेतला दस्त असेल, तरच तो भाषांतराशिवाय नाकारायचा. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरात नाही, असं कन्नड चळवळीतला कट्टर माणूसही म्हणणार नाही, कारण तोही बाजारात मराठीतच भाव करतो. बाकीचे दस्त कन्नडमध्ये होऊ देत, त्यावर माझा वाद नाही. खरेदीखत कळलं नाही तर पैसे बुडतात. दत्तकपत्राची एक मराठी प्रत सोबत जोडून ती त्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवावी, इतकीच मागणी आहे. खानापूरच्या रानातल्या वाडीवरून आलेल्या, शाळा चौथीत सुटलेल्या बाईला मराठी वाचता येईलच असं नाही, पण ऐकता येतं. आणि हाच न्याय चंदगड-गडहिंग्लजकडच्या कन्नड आईला कन्नडमध्ये मिळावा.

यावर आक्षेप येणार. घरातल्या गोष्टीत सरकार कशाला, हा पहिला. त्याला उत्तर एवढंच की घरातल्या गोष्टीवर शिक्का मारायला तुम्हीच सरकारकडं जाता. दुसरा आक्षेप मूल घेणाऱ्या बाईच्या बाजूचा आहे आणि तो खरा आहे. वांझ म्हणून अर्धं आयुष्य टोमणे खाल्लेल्या बाईच्या कुशीत बाळ आलं आणि वर तिला सांगायचं, दोन महिने थांब, परत जाईलही. तिचा जीव त्या दोन महिन्यांत टांगणीला लागणार. हे मी नाकारत नाही. पण देणारीचं आयुष्यभराचं तुटणार असताना घेणारीनं साठ दिवस कळ काढावी, असं मागणं मला जास्तीचं वाटत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. बाई एकटीत "नाही" म्हणाली, तर घरी गेल्यावर तिचं काय? हे कुणी विचारलं की मी आधी गप्प होतो, कारण ज्यांनी हे विचारलं त्यांना घरं माहीत आहेत. तरी वाट आहे. वकील बाईच्या अहवालात कारण लिहायचंच नाही. "कायद्याच्या अटी पूर्ण होत नाहीत", एवढाच शेरा. कागदात काहीतरी खोट निघाली असं घरच्यांना वाटू दे. सरकारी कचेरीत खोट निघणं आपल्याकडं कुणालाच नवल वाटत नाही, त्या सवयीचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

समितीपुढं मूल सोपवलेल्या पहिल्या बाईविषयीही एक गोष्ट राहते. अशा मुलाला अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेता येतो, तशी तरतूद दत्तक नियमावलीत आहे. आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते फुटत नाही, आणि मुलाच्या हक्कापायी तिच्या खासगीपणाला धक्का लागू नये अशीही काळजी घेतलेली आहे. हे ठीक. पण वाट एकेरी आहे. वीस वर्षांनी तिलाच वाटलं की मुलानं विचारलं तर नाव सांगा, तर तशी नोंद करून ठेवण्याची सोय तिला हवी. मुलाचा पत्ता, नाव, फोटो काही तिला नको. मूल विचारत आलं तरच देण्याचं एक पाकीट, इतकंच. दत्तक झाल्यानंतरचा हा एकमेव हक्क मी जन्मदात्यांना देईन, कारण तो वापरायचा की नाही हे पूर्णपणे मुलाच्या हातात राहतं.

दत्तकाचे दोन्ही कायदे एकसारखे करून सर्वांसाठी एकच सुटसुटीत कायदा करा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीनं ऑगस्ट २०२२ मध्ये केली आहे. दिल्लीत ते होईल तेव्हा होईल. पण दत्तक हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, राज्यांचे हात बांधलेले नाहीत. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हिस्सा केंद्रानं २००५ मध्ये दिला. कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं तो त्याच्या अकरा वर्षं आधी, १९९४ मध्येच, आपापल्या दुरुस्त्या करून दिला होता. दोन राज्यांना तेव्हा एकाच वर्षात सुचलेलं शहाणपण आता सुचायला सीमाखटल्याचा निकाल लागण्याची वाट बघायला नको.

मात्र दोघांनाही सुचलं पाहिजे. आमच्याकडं पोरी चंदगडात दिलेल्या, सुना गडहिंग्लज-आजऱ्याहून आणलेल्या. दत्तक कुठं करायचं हे ज्या घरी सोय असेल त्यावर ठरतं. एकट्या कर्नाटकानं दोन महिन्यांचा थांबा आणला, तर बेळगावात अडलेलं दत्तक दुसऱ्या दिवशी चंदगडात उरकून मंडळी संध्याकाळच्या एसटीनं परत येतील. तेव्हा दोन्ही दुरुस्त्यांत हे लिहावं लागेल की दस्त कुठल्याही कचेरीत होवो, आईची भेट ती जिथं राहते त्या तालुक्यात झालेली असली पाहिजे, आणि तो दाखला सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सबरजिस्ट्रारनं मागितला पाहिजे.